रोल्स-रॉइसमधला ‘रॉइस’ कोण होता?

रोल्स-रॉइस म्हटलं की तुम्हाला राजे-महाराजे आठवत असतील. मला आठवतो पेपर विकणारा एक पोरगा, हेन्री रॉइस.

जन्म १८६३, इंग्लंड. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. मग पेपर विकणं, तारा पोचवणं सुरू झालं. एका नातलग बाईंनी फी भरली म्हणून रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी मिळाली. तीन वर्षांनी पैसे संपले आणि तीही सुटली.

१८८४ मध्ये त्यानं मँचेस्टरला भागीदारीत कारखाना काढला. तिथे विजेच्या घंटा, डायनॅमो आणि क्रेन बनायच्या. पुढे एक सेकंडहँड फ्रेंच कार घेतली, ती काही मनासारखी चालेना. रॉइसनं ती खोलली, अभ्यासली आणि १९०४ मध्ये स्वतःचीच कार बनवली! त्याच वर्षी कार विकणारा चार्ल्स रोल्स भेटला आणि जोडी जमली.

आता खरी गंमत. तेव्हाच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात लांब क्रँकशाफ्ट पिळायचा, गाडी थरथरायची. रॉइसनं तो जाड केला आणि सात बेअरिंगवर बसवला. म्हणून ‘सिल्व्हर घोस्ट’ इतकी शांत चालली. १९०७ च्या चाचणीत ती सुमारे २४,००० किलोमीटर धावली.

नंतर आजारपणामुळे त्याला कारखान्यापासून लांब राहावं लागलं. तरी घरूनच तो डिझाइन तपासायचा. १९३३ मध्ये तो गेला. त्याच वर्षी पहिल्यांदा सुरू झालेलं मर्लिन इंजिन पुढे महायुद्धात स्पिटफायर विमानांत बसलं.

कारचा शोध काही रॉइसनं लावला नाही. हातात आलेली वस्तू तो सुधारत राहिला. फोनवर अपडेट आला की मला हाच माणूस आठवतो.