सेलबोर्नचा कानसेन

तानसेनाच्या गावात गाणाऱ्याचे कौतुक कुणी कुणाला शिकवायला नको. ऐकणाऱ्याचे कौतुक मात्र आपल्याकडे जरा कमीच होते. माझे वडील दरबारी गवई होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. तानसेन होणे नशिबात नसले तरी कानसेन होणे आपल्या हाती आहे, असे ते शिष्यांना बजावत. आज ज्या गृहस्थांची हकीकत सांगायला बसलो आहे ते ना गवई होते, ना वादक. विलायतेतल्या एका आडगावचे ते पाद्री. पण असा कानसेन माझ्या वाचनात दुसरा आलेला नाही.

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न या खेड्यात झाला. आजोबा तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री होते. नातवाने ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात विद्या संपादन केली, तिथला फेलो होण्याचा मानही मिळवला. परगावी चांगल्या जागा मिळत्या, पण गाव सोडवेना. आणि गावात तरी काय? सेलबोर्नच्या मुख्य पाद्र्याची नेमणूक ऑक्सफर्डच्या दुसऱ्याच एका कॉलेजाच्या हाती होती. त्यामुळे जिथे आजोबा मुख्य होते तिथे नातवाने दुय्यम म्हणूनच काम केले. लग्न त्यांनी केले नाही. घोडागाडीत बसले की पोटात ढवळे, म्हणून घोड्यावरून हिंडत. गावामागे बीच वृक्षांनी झाकलेली एक उभी टेकडी, अंगणात बाग, आणि हातात वही. एवढाच त्यांचा संसार.

वही मात्र सुटली नाही. १७५१ साली बागेची टिपणे सुरू झाली आणि १७६८ पासून निसर्गाची रोजनिशी. हवा कशी, पाऊस किती, कोणते फूल उमलले, पहिली भिंगरी कोणत्या तारखेला दिसली, हे सारे ते टिपत राहिले. गव्हाच्या ताटांवर चेंडूसारखे घरटे विणणारा इवलासा उंदीर त्यांनीच प्रथम अभ्यासकांच्या नजरेस आणून दिला. हा उंदीर काही दूरच्या अरण्यात नव्हता. कापणीच्या वेळी गावातल्या शेतकऱ्यांच्या पायांखालून पळणारा होता. पाहणारा डोळा तेवढा नव्हता.

पण माझ्यासारख्या संगीत शिक्षकाला मोह पडतो तो त्यांच्या कानाचा. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे त्याला मारून, हाती घेऊन, पिसे पाहायची अशी रीत होती. सेलबोर्नच्या झाडीत हिरवट रंगाचे चिमुकले वटवटे असत, आणि ते सगळे एकच समजले जात. व्हाइट यांच्या कानाला ते पटेना. एक पक्षी दोनच सूर दिवसभर आळीपाळीने घोकतो. दुसरा वरून हलकेच अवरोहाने उतरत येतो. तिसरा बीचच्या शेंड्यावर बसून, पंख थरथरवत, नाकतोड्यासारखा सळसळता आवाज काढतो. तीन गाणी, म्हणजे तीन जाती! १७६८ साली त्यांनी हे पत्राने कळवले. मग तिन्ही पक्षी समोर ठेवून पाहिले, तेव्हा आकारात आणि पायांच्या रंगातही फरक निघाला. आधी कानाने निवाडा दिला, मागून डोळ्याने सही केली. याच कुळातले पर्णवटवटे हिवाळ्यात आपल्या लष्करातल्या कडुलिंबांवरही येतात. आपण त्यांना चिमणी समजून मोकळे होतो.

आता घुबडांचे ऐका. गावची घुबडे कोणत्या पट्टीत घुमतात हे त्यांच्या एका जाणकार शेजाऱ्याने तपासले आणि व्हाइट यांनी ते नोंदवून ठेवले. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर काळी तीन, काळी चार आणि काळी पाच! दोन घुबडे एकमेकांना साद घालत होती, त्यातले एक काळी चारमध्ये आणि दुसरे काळी पाचमध्ये. कुक्कू पक्षी बहुधा पांढरी दोनमध्ये गात; पण एकदा एक पांढरी दोनमध्ये आणि दुसरा काळी दोनमध्ये असे जोडीने गायले आणि फारच बेसूर झाले. त्या वेळची विलायती पट्टी आजच्याहून थोडी उतरलेली होती, तेवढी सूट वाचकांनी द्यावी. हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. मग मनात आले की इतकी वर्षे शिकवतो आहे, पण आपल्या गल्लीतल्या कोकिळाची पट्टी मी कधी पेटीवर लावून पाहिली होती का?

व्हाइट यांची पत्रे मुख्यतः दोघांना जात. एक पेनंट नावाचे प्राणिशास्त्रज्ञ आणि दुसरे डेन्स बॅरिंग्टन. हे बॅरिंग्टन न्यायाधीश होते आणि गाण्याचेही दर्दी. १७६५ साली नऊ वर्षांचा मोत्सार्ट लंडनमध्ये असता त्याची कसून परीक्षा घेणारे हेच. त्यांनी लिनेट नावाच्या पक्ष्याची पिले लहानपणीच चंडोलाच्या संगतीत ठेवून पाहिली. पिलांनी आपल्या जातीचे गाणे सोडून चंडोलाचे उचलले. पाखरांनाही गुरू लागतो हे १७७३ साली त्यांनी छापून प्रसिद्ध केले. व्हाइट यांचे पाकोळ्या आणि भिंगऱ्या यांवरचे निबंधही पुढच्या दोन वर्षांत रॉयल सोसायटीने छापले.

नेमक्या त्याच सुमारास दैवाने घाला घातला. बहिरेपणाचे झटके येऊ लागले. १७७४ च्या एका पत्रात त्यांनी ही व्यथा मांडली आहे. झटका आला की रानातल्या बारीकसारीक आवाजांच्या खुणा हरवत. वसंतातले भर गाण्याचे दिवसही त्यांना सरत्या उन्हाळ्यासारखे मुके होत. ज्याने कानाने तीन जाती वेगळ्या केल्या त्याच्यावर ही पाळी यावी!

तरी वही थांबली नाही. डोळे शाबूत होते, त्यांवर काम चालले. गावात दर वर्षी पाकोळ्यांच्या आठच जोड्या येतात हे त्यांनी मोजून सांगितले आणि एक सवाल विचारला. दर वर्षी नवी पिले होतात, तर मग ही वाढ जाते कुठे? चुकाही त्यांच्या हातून झाल्या. काही भिंगऱ्या हिवाळ्यात परदेशी न जाता इथेच कुठे दडून झोपत असतील ही शंका त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. त्यांचा सख्खा भाऊ जिब्राल्टरला पाद्री होता आणि समुद्र ओलांडणाऱ्या पाखरांविषयी तिथून लिहीत असे, तरीसुद्धा! १७८१ साली गडी लावून टेकडीवरची झुडपे खणून पाहिली. पाखरू सापडले नाही, आणि सापडले नाही हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. मावशीकडून आणलेले टिमोथी नावाचे कासव त्यांनी वर्षानुवर्षे न्याहाळले. ती मादी होती हे मात्र पुढे, दोघांच्याही मृत्यूनंतर उघड झाले.

या सगळ्या पत्रांचे पुस्तक १७८९ साली त्यांच्या प्रकाशक भावाने काढले. रोजनिशीतली शेवटची नोंद जून १७९३ ची आहे. त्यानंतर काही दिवसांतच, २६ जूनला, ते वारले. सेलबोर्नच्या चर्चच्या आवारात त्यांच्या थडग्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि तारीख एवढाच मजकूर आहे.

अण्णांनाही अखेरच्या वर्षांत ऐकू येईनासे झाले होते. तंबोरा लागला की नाही हे ते भोपळ्यावर तळहात ठेवून पाहत. चैत्रात सकाळी ओसरीवर बसून ते मला रोज एकच गोष्ट विचारत, कोकिळ बोलला का? मी शिकवणीच्या घाईत असे. हो म्हणून मोकळा होई. खरे सांगायचे तर कित्येकदा मी ऐकलेलेच नसे. माझे कान धडधाकट होते आणि त्यांना मी खोटे उत्तर देत होतो.

अण्णा गेले. शिष्यांच्या हजेरीच्या वहीत मागच्या पानावर मी आता तारखा लिहितो: कोकिळ पहिल्यांदा कधी बोलला, पावशा कधी ओरडला, आणि कोणत्या पट्टीत. व्हाइटसाहेबांइतके काही मला साधणार नाही. पण उद्या कुणी ओसरीवरून विचारले, तर उत्तर खरे देता येईल.