गोळेश्वरचा पैलवान आणि हेलसिंकीचे कांस्य

ऑलिंपिक जवळ आले की आपल्याकडे पदकांची आकडेमोड सुरू होते, आणि चार-दोन दिवसांपुरते खाशाबा जाधवांचे नाव निघते. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले पदक मिळवून देणारा हा माणूस आपल्याच सातारा जिल्ह्यातला. पुण्याहून निघालेल्या एस. टी.ने काही तासांत कऱ्हाड गाठता येते, आणि तिथून गोळेश्वर हाकेच्या अंतरावर. पण एवढ्या जवळच्या माणसाची पुरी हकीकत आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६चा. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच तालीम असल्यावर पोराच्या अंगाला लाल माती लागायला वेळ तो काय लागणार? कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. अंगापिंडाने ते काही धिप्पाड नव्हते. त्यांची मदार ताकदीपेक्षा चपळाईवर आणि डावपेचांवर होती.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला जायची संधी मिळाली. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हातभार लावला. तिथे पोहोचल्यावर खरी अडचण समोर आली, ती मॅटची. मातीतली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते. तिथे घड्याळ नाही की गुण नाहीत. मॅटवर वेळ ठरलेली, गुण मोजलेले, शिवाय पाय रोवायला मातीही नाही. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना त्या रीती शिकवल्या. एवढ्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीने त्यांची वाट अडवली. फ्लायवेट गटात ते सहावे आले. नवख्या गड्यासाठी हे थोडे नव्हते, पण खाशाबांचे समाधान झाले नाही.

पुढची चार वर्षे त्यांनी मेहनतीत घालवली. परंतु १९५२च्या हेलसिंकीसाठी निवड व्हायची वेळ आली, तेव्हा मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने त्यांना मागे ठेवण्यात आले. हा अन्याय आहे असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणी झाली, आणि प्रतिस्पर्ध्याला चीत करून खाशाबांनी आपली जागा मिळवली.

जागा मिळाली, पण प्रवासाचे पैसे कुठून आणायचे? सरकारदरबारच्या विनवण्यांतून पुरेसे काही हाती लागले नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. दारोदार फिरून जमेल तेवढे गोळा झाले. शेवटी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. मला विचाराल तर या साऱ्या चरित्रातले सर्वांत मोठे पान हेच. विद्यार्थ्याने पदक आणले नसते तर त्या घराचे काय झाले असते, हा हिशेब प्राचार्यांनी मनात केला नसेल असे नाही. तरीही त्यांनी सही केली.

हेलसिंकीला बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना धूळ चारली. मग जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज झाली आणि ती हातची गेली. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढावे लागले, अशी हकीकत सांगितली जाते. मधली विश्रांती मागून घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता म्हणे. ती कुस्तीही हरली. इशीला सुवर्ण, रशियनाला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. त्याच वर्षी फेब्रुवारीत नॉर्वेच्या ऑस्लो शहरात हिवाळी ऑलिंपिक झाले होते. तिथे जंगलात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या हॉल्गेयर ब्रेन्डेनने अठरा किलोमीटरची बर्फावरची शर्यत आपल्याच लोकांसमोर जिंकली. दोघेही कष्टकरी मुलखातले, पण एकाच्या पाठीशी सारा देश उभा होता, तर दुसऱ्याच्या पाठीशी एक गाव आणि एक प्राचार्य.

गाव मात्र कमी पडले नाही. खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि एरवी थोड्या वेळाची वाट कित्येक तास चालली. त्या जल्लोषानंतर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचे घर सोडवून दिले. पदकाइतकेच मोल मला या परतफेडीचे वाटते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढच्या ऑलिंपिकचा विचार सोडावा लागला. सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त या हुद्द्यावर ते निवृत्त झाले. बढती मिळाली ती अगदी शेवटी. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना खेटे घालावे लागले. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या मशालयात्रेत ते धावले, हाच काय तो मोठा मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. शिवछत्रपती पुरस्कार आणि २००० सालचा अर्जुन पुरस्कार दोन्ही मरणोत्तर. १९९६ साली लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवले, तोवर चव्वेचाळीस वर्षे खाशाबांच्या शेजारी दुसरे नाव नव्हते. महाराष्ट्राला तर वैयक्तिक पदकासाठी २०२४ सालच्या पॅरिसपर्यंत थांबावे लागले. तेव्हा कोल्हापूरकडच्याच स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य आणले आणि शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले. काळ बदलला, हे चांगलेच झाले.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कऱ्हाड, पाटण, शिराळ्याकडून आलेली माणसे काही पिढ्यांपासून राबत आहेत. भोसरीत कुस्तीची परंपरा आहे, तालमी आहेत. पहाटे जोर-बैठका मारून दिवसा शिफ्टला जाणारी पोरे मी पाहतो. त्यांच्या घरी एकच चर्चा असते, खुराकाचा खर्च झेपेल का, की पोराला आयटीआयला घालावे? या प्रश्नात चूक काही नाही. पोटाची काळजी करणाऱ्या बापाला कोण नावे ठेवील? पण कौतुकाचे हार आणि बक्षिसाचे धनादेश पदक मिळाल्यानंतर येतात. पैलवानाला गरज असते ती त्याच्या आधी, दुधाच्या, बदामाच्या आणि रेल्वेच्या तिकिटाच्या वेळी. खाशाबांना त्या वेळी खर्डेकर भेटले. आपल्या गल्लीत एखादे पोर तालमीची वाट धरत असेल, तर त्याच्यासाठी घर गहाण ठेवायला कोणी सांगत नाही. त्याच्या महिन्याच्या दुधाची जबाबदारी चार शेजाऱ्यांनी वाटून घेतली, तरी पुरे आहे.