रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच : शब्दांतील काव्याचा अध्यापक

ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाची कल्पना ज्यांच्या प्रेरणेने आकारास आली, त्यांत रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच याचे नाव अग्रभागी आहे. परंतु त्याचे शब्दविषयक चिंतन प्रथम प्रकट झाले ते विद्वत्सभेत नव्हे, तर विंचेस्टर येथील एका अध्यापक-विद्यालयात, भावी शाळामास्तरांपुढे. या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते.

ट्रेंचचा जन्म ५ सप्टेंबर १८०७ रोजी डब्लिन येथे झाला. त्याची आई मेलेसीना ही व्यासंगी लेखिका. तिच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी, १८६२ मध्ये, मुलाने तिची रोजनिशी व पत्रे संपादून प्रसिद्ध केली. त्यावरून वाङ्मयाची ओढ त्याला कोठून लाभली याची कल्पना येते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात टेनिसन व आर्थर हॅलम यांचा सहवास त्याला घडला. १८३० मध्ये स्पेनमधील राजसत्तेविरुद्ध टोरिहोसने आरंभिलेल्या उठावात सामील होण्यासाठी तो जिब्राल्टरला गेला आणि भ्रमनिरास होऊन परतला. टोरिहोस व त्याचे साथीदार पुढे १८३१ च्या अखेरीस मालागा येथे गोळ्यांना बळी पडले. ट्रेंचने १८३२ मध्ये धर्मदीक्षा घेतली. त्याचा पहिला काव्यसंग्रह १८३५ चा. कवी म्हणून तो मध्यम प्रतीचाच मानावा लागेल. मात्र केवळ कलेवर जीवन उभे राहत नाही, या त्याच्या आग्रहाने टेनिसनला एका प्रसिद्ध कवितेची प्रेरणा मिळाली.

हँपशरमधील इचेनस्टोक येथे धर्मगुरू असताना विंचेस्टरच्या विद्यालयात दिलेली व्याख्याने त्याने १८५१ मध्ये ‘ऑन द स्टडी ऑफ वर्ड्‌स’ या नावाने ग्रंथरूपात आणली. पुराश्मांत जसे लुप्त जीवांचे आकार टिकतात, तसे शब्दांत जुने काव्य टिकून असते, ही उपमा त्याने अमेरिकन निबंधकार एमर्सनकडून घेतली; पण तिची कक्षा वाढवून इतिहास व नीतीही तीत आणली. ‘ट्रिब्युलेशन’ म्हणजे क्लेश. त्याच्या मुळाशी ‘ट्रिब्युलम’ हे रोमन शेतकऱ्याचे मळणीचे अवजार आहे. दाणा भुसापासून वेगळा व्हावा म्हणून कणसे रगडली जातात, तसा दुःखाने माणूस शुद्ध होतो, ही प्रतिमा कोणा ख्रिस्ती लेखकाने त्या शब्दात पाहिली. ‘रायव्हल’ हे मुळात एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे शेजारी. पाटाच्या पाण्यावरून होणारी भांडणे ज्याने पाहिली आहेत, त्याला या अर्थांतराचे वेगळे स्पष्टीकरण नको. ‘विंडो’ म्हणजे वाऱ्याचा डोळा; आपल्या ‘गवाक्षा’तही डोळाच आहे, फक्त तो गाईचा आहे. अशा शब्दांपाशी थांबावयास शिकलेले मूल कवितेतील रूपकापाशी अडखळणार नाही, असा विश्वास या विवेचनामागे दिसतो.

या पद्धतीत एक धोका होता. ‘पेन’ हा शब्द दंड या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, एवढ्यावरून प्रत्येक वेदनेत पापाचे शासन पाहणे हा व्युत्पत्तीचा निष्कर्ष नव्हे. तो प्रवचनकाराचा आहे. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, हा समज वर्गात फार लवकर रुजतो. ट्रेंचच्या काही व्युत्पत्तीही टिकल्या नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर ए. एल. मेह्यू याने ग्रंथाची सुधारित आवृत्ती सिद्ध केली.

तथापि या दोषावरील उतारा ट्रेंचच्याच लेखनात आहे. जुने शब्द पूर्वी कोणत्या निराळ्या अर्थांनी वापरले जात, याचा छोटा कोश त्याने १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. काव्यवाचनाच्या दृष्टीने हा मार्ग अधिक उपयोगी. ‘सिली’ प्रथम ‘धन्य’ होता, मग ‘निष्पाप’, मग ‘दीन’ आणि शेवटी ‘मूर्ख’ झाला. जुना कवी मेंढरांना हे विशेषण लावतो तेव्हा तो त्यांची अक्कल काढीत नसतो. येथे उगमापेक्षा कवीच्या काळातील प्रयोग निर्णायक ठरतो.

हीच दृष्टी त्याने नोव्हेंबर १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधांत मांडली. कोशकाराने शब्दांचा न्यायनिवाडा करू नये, त्यांचा इतिहास नोंदवावा. बरेवाईट सर्व शब्द, त्यांच्या पहिल्या व शेवटच्या प्रयोगांसह, कोशात यावेत. शब्दाशब्दांतून नीती वेचणाऱ्या धर्मगुरूने ही मागणी करावी, यात विसंगती आहे, आणि तीच त्याच्या चरित्राचा सर्वांत मनोवेधक भाग होय. हर्बर्ट कोलरिज व फर्निव्हल हे त्याचे या कार्यातील सहकारी. पहिला संपादक कोलरिज १८६१ मध्ये ऐन तिशीत वारला आणि काम रेंगाळले.

ट्रेंच मात्र तोवर अन्य जबाबदाऱ्यांत गुंतला होता. १८५६ मध्ये तो वेस्टमिन्स्टरचा डीन झाला व १८६४ पासून डब्लिनचा आर्चबिशप. आयरिश चर्चची राजमान्यता काढून घेणाऱ्या १८६९ च्या कायद्याला त्याने विरोध केला. तो निष्फळ ठरल्यावर त्याच चर्चची नवी घडी बसविण्यात त्याची उतारवयातील शक्ती खर्ची पडली. १८८४ मध्ये तो पदमुक्त झाला. बृहत्कोशाचा पहिला भाग त्याच वर्षी जेम्स मरेच्या संपादकत्वाखाली बाहेर पडला. २८ मार्च १८८६ रोजी लंडन येथे ट्रेंचचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन करण्यात आले. कोश पूर्ण व्हावयास १९२८ साल उजाडले.