जेम्स बर्कले : बोरघाटाची चढण मोजणारा अभियंता



मीरा रोडहून घोडबंदर रस्त्याने सायकलवर ठाण्याला गेलात, तर गायमुखच्या घाटात दम लागतोच. मीरा रोड आणि ठाणे यांच्या उंचीत तसा फारसा फरक नाही. मग पाय का दुखतात? कारण वाटेतला प्रत्येक चढ आपण चढलेलो असतो. १०० मीटर चढलो, ४० उतरलो, पुन्हा ६० चढलो, तर एकूण चढण १६० मीटर होते, पण उंचीतला फरक १२० मीटरच राहतो. हा हिशोब आयुष्यभर करणाऱ्या एका माणसाची गोष्ट आज मुलांना सांगूया.

जेम्स जॉन बर्कले यांचा जन्म १८१९ साली लंडनमध्ये झाला. प्रसिद्ध रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते शिकले. १८५० मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून मुंबईत आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली, त्या मार्गाचे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले होते.

पण खरी परीक्षा पुढे होती, ती म्हणजे सह्याद्री. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट प्रवाशांना पालखीतून नाहीतर घोड्यावरून पार करावा लागे.

घाटाची उंची मोजायची कशी? दुर्बीण बसवलेले लेव्हल यंत्र सपाट धरायचे, पुढे-मागे आकडे लिहिलेली पट्टी उभी करायची आणि दोन वाचनांतला फरक लिहायचा. असे टप्प्याटप्प्याने फरक मिळवत जायचे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत १८३१ फूट चढ भरला, म्हणजे सुमारे ५५८ मीटर. तो जवळजवळ १६ मैलांत बसवायचा होता. सर्वात तीव्र चढ ३७ ला १ ठेवला, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. एका ठिकाणी तर गाडी उलट दिशेने नेण्यासाठी रिव्हर्सिंग स्टेशन करावे लागले. पायवाट खाली उतरून पुन्हा चढते, पण रेल्वेला चढलेली उंची वाया घालवणे परवडत नाही.

या घाटासाठी २५ बोगदे खोदले गेले. एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर कामावर होते. पटकीने कित्येक मजूर दगावले. १८५९ मध्ये मजुरीवरून दंगलही झाली. त्याच वर्षी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. ही माणसं मुलांना नक्की सांगा, कारण घाट एकट्या बर्कलेंनी बांधला नाही.

बर्कलेंची तब्येत खालावत गेली. ते इंग्लंडला परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बोरघाट एप्रिल १८६३ मध्ये सुरू झाला. ज्या चढावर त्यांनी इतकी वर्षे घालवली, त्यावरून धावणारी गाडी काही त्यांना पाहता आली नाही.

वर्गासाठी उपक्रम : शाळेच्या जिन्याच्या एका पायरीची उंची पट्टीने मोजा, पायऱ्या मोजा आणि गुणाकार करा. मग दिवसभरात आपण एकूण किती मीटर चढलो, ते मुलांना काढू द्या. उतरलेल्या पायऱ्या वजा करायच्या नाहीत बरं का! आणि पुढच्या वेळी लोणावळ्याला जाल, तेव्हा मुलांना खिडकीजवळ बसवून बोगदे मोजायला सांगा.