महर्षी कर्वे : थेंबे थेंबे तळे साचे

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे पुण्याला गेले होते. तिथे कोथरूडमध्ये बसचा एक थांबा आहे. त्याचे नाव कर्वे पुतळा. बस ज्या रस्त्याने आली त्याचे नाव पण कर्वे रस्ता, नि पुढे एक वस्ती आहे तिचे नाव कर्वेनगर. मी मामाला विचारलं, की हे कर्वे कोण आणि सगळं त्यांच्याच नावाचं कसं काय? मामाने थोडं सांगितलं. बाकीचं आमच्या बाईंनी सांगितलं आणि वाचायला पुस्तक दिलं. त्यातलं मला जे आवडलं ते मी इथे लिहिते.

महर्षी कर्वे यांचे पूर्ण नाव धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली या गावी झाला. त्यांचे गाव मुरुड. ते दापोलीजवळ समुद्राच्या काठी आहे. घरची गरिबी होती. मुरुडला सोमण नावाचे एक गुरुजी होते. त्यांनी लहान धोंडूला एक काम दिलं. देवळात लोक जमत, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. काम अगदी छोटं होतं. पण त्यामुळे धोंडूला चार माणसांसमोर बोलायची सवय झाली, आणि आपल्या गावाबाहेर काय काय चाललं आहे ते पण कळू लागलं.

पुढे सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती साताऱ्याला होती. तेव्हा एसटी नव्हती. धोंडू आपल्या सोबत्यांबरोबर पायी निघाला. वाटेत पाऊस, चिखल नि कुंभार्लीचा घाट होता. सुमारे ११० मैल चालून ते साताऱ्याला पोचले. आणि तिथे काय झालं माहीत आहे का? परीक्षेला १७ वर्षे पूर्ण हवी होती. धोंडूची झाली होती, पण तो अंगाने इतका लहान दिसायचा की साहेबांनी त्याला बसूच दिलं नाही! हे वाचताना मला रडू आलं. मी असते तर पुन्हा परीक्षेचं नाव काढलं नसतं. पण तो पुन्हा कोल्हापूरला गेला आणि ती परीक्षा पास झाला.

मग ते मुंबईला शिकायला गेले. पैसे नव्हते म्हणून मुलांच्या शिकवण्या घ्यायचे नि स्वतःचं शिकायचे. मॅट्रिक झाले तेव्हा ते २३ वर्षांचे होते. म्हणजे उशीरच झाला होता. पण १८८४ साली गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. मुंबईत असतानाच त्यांनी १८८६ साली मुरुड फंड सुरू केला. आपल्या गावच्या चांगल्या कामासाठी सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे, असा तो फंड होता. १८९१ साली त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावलं. तिथे ते १९१४ सालापर्यंत होते.

त्याच १८९१ साली त्यांची बायको राधाबाई वारली. त्या काळी लहान लहान मुलींची लग्नं होत. नवरा मेला की त्या मुलीचे केस काढत. तिला चांगलं लुगडं नाही, सणाला मान नाही, शाळा नाही. पुरुष मात्र दुसरं लग्न करत. अण्णांना हे पटत नव्हतं. त्यांनी १८९३ साली गोदूबाई नावाच्या विधवा बाईशी लग्न केलं. त्या पुण्याला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई झालं, पण लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. ह्या लग्नामुळे मुरुडच्या लोकांनी अण्णांना वाळीत टाकलं. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने! तरी अण्णा कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी आपलं काम चालू ठेवलं.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तिथे विधवा मुलींनी राहायचं आणि शिकायचं. तेव्हा पुण्यात प्लेग येत होता. म्हणून १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादूर गोखले यांनी ६ एकर जागा दिली आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. तिथे तेव्हा सगळं रानच होतं. चांगला रस्ता पण नव्हता. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवायचे, आणि संध्याकाळी सामान घेऊन हिंगण्याला चालत जायचे. सकाळी पुन्हा चालत पुण्याला. पावसाळ्यात तर गुडघाभर चिखल असायचा. तेच हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर! मी तिथे बसने गेले आणि मला वाटलं की फार लांब आहे.

आश्रमाला पैसे कमी पडत. अण्णा घरोघर जाऊन वर्गणी मागत. कुणी जास्त देई, कुणी अगदी थोडं देई, आणि कुणी नुसतं बोलून घेई. बाया कर्वे यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांनीही वर्गणी गोळा केली. त्या पण विधवा होत्या. त्या मोठ्या झाल्यावर लिहायला वाचायला शिकल्या नि पुढे चक्क अमेरिकेला जाऊन आल्या. म्हणजे शिकायला वय आड येत नाही.

मग अण्णांना जपानमधल्या बायकांच्या विद्यापीठाचं एक छोटं पुस्तक मिळालं. ते वाचून त्यांना वाटलं, की आपल्याकडे पण असं का नको? आणि १९१६ साली त्यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. त्यांच्या कॉलेजात पहिल्या वर्षी फक्त ५ मुली होत्या. आमच्या चौथीच्या वर्गात सुद्धा त्याहून जास्त आहेत! पण १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपये द्यायचं ठरवलं आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. तेच आजचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. आता तिथे हजारो मुली शिकतात.

म्हातारे झाले तरी अण्णा बसून राहिले नाहीत. १९३६ साली ते ७८ वर्षांचे होते. तेव्हा त्यांनी ज्या खेड्यात शाळा नाही तिथे शाळा काढायचं मंडळ सुरू केलं आणि त्यासाठी पुन्हा दारोदार वर्गणी मागितली. १९५८ साली ते १०० वर्षांचे झाले आणि सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वात मोठा मान दिला. त्यांच्या चित्राचं पोस्टाचं तिकीट पण निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्याला ते वारले. तेव्हा ते १०४ वर्षांचे होते.

मित्रांनो, देवळात वर्तमानपत्र वाचणं काय, एक शिकवणी काय, एक झोपडी काय, ५ मुली काय, ही सगळी कामं लहानच होती. पण अण्णांनी कुठलंही काम लहान म्हणून सोडलं नाही. एका कामातून त्यांना पुढचं काम सापडत गेलं.

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला शेजारच्या गावी तीन किलोमीटर चालत जावं लागणार. माझ्या एका मैत्रिणीला घरचे पाठवायचं नाही म्हणतात, कारण वाट ओढ्यातून जाते. मी तिच्या आईला अण्णांच्या हिंगण्याच्या चिखलाची गोष्ट सांगितली. आम्ही दोघी रोज बरोबर जाऊ नि बरोबर येऊ, असं पण सांगितलं. त्या अजून हो म्हणाल्या नाहीत, पण नाही पण म्हणाल्या नाहीत. आता शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मी पुन्हा जाऊन विचारणार आहे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी