अंगणात आलेली शाळा

घंटा झाली की मुलांनी शाळेत यावे, अशी सर्वत्र रीत आहे. परंतु मुले आलीच नाहीत, तर शिक्षकाने काय करावे? ताराबाई मोडक यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृतीने दिले.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली झाला. फारच थोड्या स्त्रिया उच्च शिक्षण घेत, त्या काळात, १९१४ साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. भावनगर येथील गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराची माहिती कळताच त्यांनी ती मानाची जागा सोडली व १९२३ साली त्या गिजुभाईंना जाऊन मिळाल्या. तेथे छडीचा धाक नव्हता. मुले खेळता खेळता शिकत.

असे शिक्षण खेड्यांतील गरीब मुलांसही मिळावे, अशी ताराबाईंची तळमळ होती. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी त्यांस लाभली. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. आईबाप मोलमजुरीस जात, मुले घरी राहत. मुलांना शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे होते. ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. शिक्षिका मुलांचे हातपाय धूत, त्यांची नखे कापीत आणि मग अंगणातच गाणी-गोष्टी सुरू होत. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाने आणि बिया मुलांच्या हाती आल्या. हीच अंगणवाडी होय.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत. तेव्हा शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. गुरे चरत असता मुलांचे शिक्षण होऊ लागले. तिला कुरणशाळा असे नाव पडले.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, भारत सरकारने बालकांसाठी जी केंद्रे सुरू केली, त्यांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

ज्यास शिकवावयाचे, त्याच्या दारापर्यंत चालत जाणे हेही शिक्षकाचेच काम आहे, हे ताराबाईंच्या चरित्रावरून दिसून येते.