काउंट झेपेलिन

पडल्यावर पुन्हा उठावयास धैर्य लागते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु आपण का पडलो ह्याचा शांतपणे शोध करावयास त्याहूनही मोठे धैर्य लागते, हे फारसे कोणी सांगत नाही. ह्या दोन्ही प्रकारच्या धैर्याची ओळख ज्यांच्या चरित्रातून होते, अशा एका पुरुषाची हकीकत विद्यार्थी बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

फर्डिनांड फॉन झेपेलिन ह्यांचा जन्म ८ जुलै १८३८ रोजी दक्षिण जर्मनीतील कॉन्स्टन्स ह्या सरोवरकाठच्या शहरी एका सरदार घराण्यात झाला. काउंट ही त्यांची वंशपरंपरागत पदवी होय. त्यांनी लष्करी पेशा पत्करला. अमेरिकेतील यादवी युद्ध पाहण्यासाठी ते १८६३ साली तिकडे गेले असता सेंट पॉल ह्या गावी बलूनमधून प्रथम आकाशात चढले. बलून वारा नेईल तिकडे जाते; त्यास स्वतःची अशी दिशा नसते. आकाशात मनुष्याच्या इच्छेप्रमाणे चालणारे जहाज करता येईल काय, ह्या विचाराने पुढे त्यांच्या मनात घर केले. १८९० साली, वरिष्ठांची मर्जी फिरल्यामुळे, त्यांस सैन्यातून निवृत्त व्हावे लागले. त्या वेळी त्यांचे वय ५२ वर्षांचे होते. ज्या वयात लोक विश्रांतीची भाषा बोलू लागतात, त्या वयात त्यांच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला.

त्यांची कल्पना अशी होती. अल्युमिनमचा लांबट सांगाडा करून त्यावर कापड ताणावयाचे. आत हायड्रोजन वायूच्या अनेक निरनिराळ्या पिशव्या ठेवावयाच्या, म्हणजे एखादी फुटली तरी जहाज खाली येऊ नये. आणि एंजिनांनी पंखे फिरवून ते हवे तिकडे न्यावयाचे. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळास ही योजना पसंत पडली नाही. तेव्हा १८९८ साली त्यांनी ८ लक्ष मार्क भांडवलाची एक कंपनी काढली व त्यांतील सुमारे निम्मी रक्कम स्वतः घातली.

२ जुलै १९०० रोजी, काउंटना ६२ वर्षे पूर्ण होण्यास सहा दिवस उरले असता, १२८ मीटर लांबीचे त्यांचे पहिले जहाज कॉन्स्टन्स सरोवरावरून उडाले आणि अवघ्या १८ मिनिटांत खाली उतरले. त्याच वर्षी आणखी दोन उड्डाणे झाली. पण पैसा संपला, कंपनी मोडली आणि जहाजही मोडून विकावे लागले. पुढे सोडतीच्या उत्पन्नातून व घरची मालमत्ता गहाण टाकून दुसरे जहाज उभे राहिले. जानेवारी १९०६ मध्ये त्याची एंजिने बंद पडली. ते कसेबसे उतरविले, तो रात्रीच्या वादळाने त्याचा चुराडा केला. त्याच वर्षी तिसरे जहाज झाले. त्यास शेपटीकडे आडव्या पंखांची जोड दिली होती, म्हणून ते हवेत डोलेनासे झाले व यशस्वी ठरले.

ह्या काळातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डॉ. ह्यूगो एकेनर हे एका वर्तमानपत्रातून काउंटच्या जहाजांवर टीका लिहीत. काउंट स्वतः त्यांच्या घरी गेले व त्यांस सर्व माहिती समजावून दिली. ज्याने दोष दाखविले त्याच्याशी त्यांनी वैर धरिले नाही. उलट तोच टीकाकार पुढे त्यांचा उजवा हात झाला.

चौथ्या जहाजाने २४ तास प्रवास करून दाखविला तर सरकार ते विकत घेणार होते. ४ ऑगस्ट १९०८ रोजी ते निघाले. परंतु एंजिन बिघडल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी श्टुटगार्टजवळ एख्टरडिंगेन येथील शेतात त्यास उतरावे लागले. हजारो लोक पाहावयास लोटले. दुपारी एकाएकी वादळ उठले, जहाज दोरखंडांतून सुटले, झाडांवर आदळले आणि पाहता पाहता जळून खाक झाले. सत्तर वर्षांचा वृद्ध समोर राखेचा ढीग पाहत उभा राहिला. सर्वांस वाटले, आता संपले.

परंतु घडले ते वेगळेच. कोणी न सांगता देशभर वर्गणी सुरू झाली. धनिकांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी आपापल्या परीने हातभार लावला आणि ६० लक्ष मार्कांहून अधिक रक्कम जमली. तिच्या बळावर जहाजे बांधणारी नवी कंपनी उभी राहिली, आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये ‘डेलाग’ ही दुसरी कंपनी निघाली. हवेतून उतारूंची ने-आण करण्यासाठी निघालेली ही जगातील पहिली कंपनी होय.

तथापि केवळ पैशाने व उत्साहाने जहाज उडत नाही. डेलागचे पहिलेच जहाज जून १९१० मध्ये पत्रकारांस घेऊन निघाले असता वादळात सापडून जंगलातील झाडांवर पडले. दुसरे एक सप्टेंबरात जहाजघरातच जळाले. मे १९११ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे वारा आडवा असूनही, जमलेल्या लोकांस निराश करणे जिवावर आल्यामुळे, एकेनर ह्यांनी जहाज बाहेर काढिले. ते जहाजघरावर आदळून मोडले. दैव बलवत्तर म्हणून ह्या तिन्ही अपघातांत कोणाचा जीव गेला नाही.

ह्यानंतर एकेनर ह्यांनी सर्व दोष वाऱ्यावर ढकलला नाही. चूक आपल्या निर्णयात होती हे त्यांनी ओळखले. जागोजागचे हवामान आधी कळविण्याची व्यवस्था झाली, खलाशांस कसून शिक्षण मिळू लागले, मेबाख ह्यांच्या कारखान्यातील अधिक भरवशाची एंजिने जहाजांस बसविण्यात आली. सर्वांत मोठा नियम हा की, वारा प्रतिकूल असेल तर लोक कितीही नाराज होवोत, जहाज बाहेर निघावयाचे नाही. परिणाम काय झाला पाहा : १९१४ पर्यंत डेलागच्या जहाजांनी दीड हजारांहून अधिक उड्डाणे केली, ३४ हजारांवर माणसे नेली, आणि एकाही उतारूस इजा झाली नाही.

ह्या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काउंट हे अखेरपर्यंत सैनिकच होते आणि ही जहाजे युद्धात वापरावी अशी त्यांची इच्छा होती. १९१५ पासून त्यांतून इंग्लंडवर बाँब पडू लागले व पाचशेंहून अधिक लोक मृत्यू पावले. युद्ध चालू असतानाच ८ मार्च १९१७ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, काउंट निवर्तले.

पुढे १९२९ साली एकेनर ह्यांनी काउंटचे नाव दिलेल्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. परंतु एख्टरडिंगेनच्या शेतात अग्नीने शिकविलेला धडा बाकीच होता. पेट घेणारा हायड्रोजन वायू जहाजांत तसाच राहिला. न पेटणारा हेलियम अमेरिकेपाशी होता व अमेरिकेने तो विकला नाही. ६ मे १९३७ रोजी ‘हिंडेनबुर्ग’ हे प्रचंड जहाज अमेरिकेत लेकहर्स्ट येथे उतरताना जळाले, ३६ माणसे प्राणास मुकली आणि त्या जहाजांचे युग संपले.

वाऱ्याचा धडा शिकले म्हणून ते पुन्हा उडाले. अग्नीचा धडा पुढे ढकलला म्हणून शेवटी पडले. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी पुन्हा परीक्षेस बसतो तेव्हा आपण त्याचे कौतुक करितो, व ते योग्यच आहे. मात्र बसण्यापूर्वी जुनी उत्तरपत्रिका त्याने एकदा नीट पाहिली असावी, आणि तीतील सर्वांत अवघड प्रश्न तसाच सोडून दिलेला नसावा.